ओहोटीच्या रेषेपर्यंत

मार्चचा चिखल दारापर्यंत. शाळेच्या जिममध्ये
बास्केटबॉलच्या रेघांवर घडीच्या खुर्च्या,
आणि अख्खं टॅलबट हार्बर, कोट न काढता बसलेलं.
मेनच्या या किनाऱ्यावर वर्षातून एकदा
गावच सरकार होतं:
रस्त्यावर टाकायचं मीठ, आगीचा बंब,
वाचनालयाचं गळकं छप्पर,
आणि यंदा, कलम बावीस:
फ्लेक पॉइंट, एकतीस एकर, गावाने विकत घ्यावा काय?
नाही घेतला तर बॉस्टनची कंपनी घेईल.
अठरा बंगले, आणि एक फाटक.

मी मोजणीदार. सहा आठवडे तिथे
तिपाई खांद्यावर टाकून फिरलो आहे.
कॉड वाळवायच्या मांडवांचे दगड,
खडकात ठोकलेलं एक कडं, झिजून बोटाएवढं उरलेलं,
अकरा थडगी. सातांवर नाव नाही.
आणि दरडीच्या कापात, या सगळ्याच्या खाली,
शिंपल्यांचा पांढरा थर, माझ्या कमरेइतका.
गावाला गाव म्हणत नव्हते तेव्हापासून
इथे बसून कुणी तरी पोटभर जेवत होतं.

माझ्या आजोळी अशा जमिनीला गायरान म्हणत.
ते मिळवायला कुणी हात वर केले नव्हते,
आणि ते गेलं तेव्हाही
कुणाला हात वर करायला सांगितलं नाही.

मर्ल अ‍ॅली उठतो.
शेवंडांचे पिंजरे ओढून रुंद झालेले तळवे.
"माझा कर वर्षाला ब्याण्णव डॉलरने वाढणार.
मला तिथला सूर्योदय नको,
तो मी रोज होडीतून फुकट बघतो."
हशा. मग तो माझ्याकडे वळतो:
"मोजणीवाल्या, खरं सांग.
हा पॉइंट दरसाल किती खचतो?"

आर्डिथ पिंकम, जिने सहा वर्षं
ब्लूबेरीचे केक विकून विकून हे कलम इथवर आणलं,
पहिल्या रांगेतून मान हलवते: नको सांगूस.
मी सांगतो. फूटभर. कधी दीड.
१९११च्या नकाशातली गोदामाची भिंत
आता खेकड्यांच्या ताब्यात आहे.
जिममध्ये फक्त हीटरची घरघर.

मग सभेची परवानगी घेऊन बोलतो
डेनिस सोकाबेसन, पासमक्वॉडी,
दोन तास गाडी चालवून आलेला, इथे मत नसलेला:
"घ्या. विकत घ्या. बरंच होईल.
फक्त जुन्या कागदांत एवढं बघा,
आम्ही ती कधी विकली."
खाली बसतो.
कुणी टाळ्या वाजवत नाही. बरं झालं.

पिवळी कार्डं वर जातात.
दोन तृतीयांश लागतात. मोजतात, पुन्हा मोजतात.
दोनशे चौदा. तीन हातांनी निभावलं.
त्यांत एक माझा; या देशातलं माझं पहिलं मत.
मर्लचं कार्ड मी पाहिलं नाही.
आर्डिथ अजून माझ्याशी बोलत नाही.

खरेदीखताचं वर्णन माझ्याकडे आलं.
कोर्टाच्या तळघरात मागे मागे जात राहिलो,
बीलच्या आधी अ‍ॅली, अ‍ॅलीच्या आधी हॅस्केल,
विधवा, दिवाळखोर, भावाभावांच्या वाटण्या,
आणि तळाला १७६८: "दुभंगल्या खडकापासून सुरुवात."
घेणाऱ्याचं नाव आहे.
देणाऱ्याच्या जागी
लेखणी टेकवल्याचा एक ठिपका.

तो ठिपका मी नकाशात कुठे दाखवू?
रात्री दोनपर्यंत बसलो. मग लिहिलं,
येणेप्रमाणे चतुःसीमा:
उत्तरेस हॅस्केलचा ओढा, पश्चिमेस गावरस्ता,
दक्षिणेस थडगी, अकरा, त्यांतली सात बिननावाची,
पूर्वेस ओहोटीची रेषा,
ती त्या त्या दिवशी जिथे असेल तिथे.